बोर्डाच्या परीक्षांसाठी विषयतज्ज्ञ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी प्राश्निक (पेपर काढणारे), भाषांतरकार, परीक्षक किंवा नियामक (परीक्षकांच्या तपासणीवर लक्ष ठेवणारे) म्हणून काम करू पाहणारे शिक्षक आणि त्यांची नावं पाठवणारे मुख्याध्यापक-प्राचार्य पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे पेच वाढत जातात. एक मुद्दा दोनदा सांगण्याऐवजी संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विषयतज्ज्ञ म्हणजे नेमकं कोण? एम.एस्सी., बी.एड. असणं पुरेसं नाही का?

पदवी ही किमान अट, तज्ज्ञता नव्हे. परीक्षेच्या कामात तीन गोष्टी एकत्र लागतात. विषय पाठ्यपुस्तकाच्या दोन पावलं पुढे माहीत असावा. त्या इयत्तेचं मूल कुठे अडतं आणि का अडतं, याचा वर्गातला अनुभव असावा. आणि सर्वांनी मिळून ठरवलेल्या मापाने, स्वतःची आवड बाजूला ठेवून, गुण देता यावेत. तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ. विषयात अतिशय हुशार असलेले काही शिक्षक परीक्षक म्हणून कच्चे पडतात, कारण "मला असं उत्तर आवडत नाही" आणि "हे उत्तर चूक आहे" यांतला फरक त्यांच्या पेनाला पाळता येत नाही.

२. बोर्डाच्या कामात विषयतज्ज्ञ कुठे कुठे लागतात?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ पासून काम करतं. पुण्यात राज्य मंडळ आणि त्याखाली पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळं. अभ्यासमंडळातले सदस्य विषयाचा आराखडा ठरवतात. प्राश्निक प्रश्नपत्रिका काढतात, भाषांतरकार ती वेगवेगळ्या माध्यमांत नेतात. पेपर झाल्यावर मुख्य नियामक नमुना उत्तरं आणि गुणदान योजना पक्की करतात, ती नियामकांमार्फत परीक्षकांपर्यंत पोचते आणि परीक्षक उत्तरपत्रिका तपासतात. निकालानंतर पुनर्मूल्यांकनासाठी पुन्हा तज्ज्ञ बसतात.

यातली कुठलीही कडी सैल असली तरी फटका बसतो तो गुणपत्रिकेलाच. सिंधुदुर्गातल्या मुलाचे ७२ आणि गोंदियातल्या मुलीचे ७२ यांचा अर्थ एकच असला पाहिजे. हा सगळा खटाटोप त्याचसाठी आहे.

३. अर्ज कुठे करायचा? जाहिरात येते का?

परीक्षक आणि नियामकांसाठी नोकरीसारखी जाहिरात येत नाही. शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय आपल्या शिक्षकांची माहिती विभागीय मंडळाला कळवतं आणि त्यातून नेमणुका होतात. नियुक्तिपत्र संस्थेमार्फतच हातात पडतं. म्हणजे पहिलं काम मुख्याध्यापकांच्या कार्यालयात आहे. तुमची माहिती भरताना पुढच्या गोष्टी बरोबर आहेत ना, ते स्वतः डोळ्यांखालून घाला :

- सध्या प्रत्यक्ष शिकवत असलेला विषय आणि इयत्ता (पदवीचा विषय नव्हे)
- शिकवण्याचं माध्यम
- त्याच इयत्तेला तो विषय किती वर्षं शिकवला
- आधी परीक्षक किंवा नियामक म्हणून काम केलेली वर्षं

सर्वाधिक घोळ माध्यमाच्या रकान्यात होतो. सेमी-इंग्रजीच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाचं माध्यम नुसतं "मराठी" भरलं, तर हाती येणारे गठ्ठे त्याच्या रोजच्या भाषेतले नसतात.

प्राश्निकाचं काम मागून मिळत नाही. त्यासाठी निवड होते आणि ती गुप्त राहते (प्रश्न १३ पाहा).

४. किती वर्षांचा अनुभव हवा?

त्या वर्षीच्या सूचनेत जी अट असेल ती पाळावीच लागते. तिच्या पलीकडे आमचं मत असं : परीक्षक होण्याआधी तोच विषय त्याच इयत्तेला सलग तीन वर्षं शिकवलेला असावा. पहिल्या वर्षी शिक्षक स्वतः पुस्तक शिकतो, दुसऱ्या वर्षी मुलांच्या चुका दिसू लागतात आणि तिसऱ्या वर्षी त्या चुकांमागची कारणं. नियामकाने आधी निरनिराळ्या वर्षांचे पेपर परीक्षक म्हणून तपासलेले असावेत. एकच पेपर पाहिलेल्या माणसाला त्या पेपरची सवय सार्वत्रिक नियम वाटू लागते.

५. आमच्या शाळेत गणिताला चार शिक्षक आहेत. कोणाचं नाव पाठवावं?

सेवाज्येष्ठता हा सोपा निकष आहे, पण एकमेव असू नये. शाळेतच एक छोटी चाचणी घेता येते. सराव परीक्षेच्या दहा उत्तरपत्रिका निवडा : तीन चांगल्या, चार मधल्या, तीन काठावरच्या. त्यांच्या छायाप्रती काढा, आधीचे गुण झाका आणि चौघांनाही एकाच गुणदान योजनेनुसार तपासायला द्या. तीन आठवड्यांनी त्याच दहा, क्रम बदलून, पुन्हा द्या. ज्याचे दोन वेळचे गुण एकमेकांशी जुळतात आणि इतरांशी फरक पडल्यावर जो कारण सांगू शकतो, त्याचं नाव पाठवा. यासाठी दोन दुपारी लागतात, खर्च छायाप्रतींचा. शिवाय शाळेतली तपासणीही सुधारते.

६. मी संध्याकाळी क्लास घेतो. बहिणीची मुलगी यंदा दहावीला आहे. एका प्रकाशनासाठी अपेक्षित प्रश्नसंचही लिहिला आहे. काम घेऊ शकतो का?

तिन्ही गोष्टी वेगळ्या वजनाच्या आहेत.

जवळच्या नात्यातलं मूल त्याच वर्षी परीक्षेला असेल तर ते लेखी कळवावं. प्रश्नपत्रिकेशी संबंधित काम त्या वर्षी घेऊ नये. उत्तरपत्रिका तपासणीत ते मूल दुसऱ्या विभागातलं असलं तरी आधी कळवलेलं बरं, कारण नंतर कोणी बोट दाखवलं तर तुमच्या हातात कागद असतो.

खासगी क्लास आणि गोपनीय काम एकत्र नांदू शकत नाहीत. इथे "मी मुलांना काही सांगणार नाही" असं म्हणून भागत नाही. कोणता धडा पेपरात आहे हे माहीत असलेला माणूस त्या धड्यावर नकळत जास्त वेळ घालवतो, किंवा संशय नको म्हणून तो मुद्दाम टाळतो. दोन्हीतून मुलांना सुगावा लागतो.

प्रश्नसंच लिहिणाऱ्याने प्राश्निक होऊ नये. स्वतःच्या बाजारातल्या पुस्तकातला प्रश्न पेपरात आला तर तो योगायोग होता हे कोणालाही पटवता येणार नाही.

७. प्राश्निकाला नेमके किती प्रश्न काढावे लागतात?

कागदावर दिसतात त्याहून बरेच जास्त. दहावीचा गणित भाग २ घ्या. पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. पहिल्या प्रश्नात ४ गुणांचे बहुपर्यायी आणि ४ गुणांचे छोटे प्रश्न, तिथे पर्याय नाही. दुसऱ्यात तीनपैकी दोन कृती पूर्ण करायच्या आणि पाचपैकी चार उदाहरणं सोडवायची, प्रत्येकी २ गुण. तिसऱ्यात दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन उदाहरणं, प्रत्येकी ३ गुण. चौथ्यात तीनपैकी दोन, प्रत्येकी ४ गुण. पाचव्यात दोनपैकी एक, ३ गुण. बेरीज केली की मूल सोडवतं ४० गुणांचं, पण प्राश्निकाला लिहावे लागतात ६० गुणांचे प्रश्न. शिवाय एकाहून अधिक संच.

खरी कसोटी त्या पर्यायांत आहे. चौथ्या प्रश्नातल्या तीन उदाहरणांपैकी एक पाच ओळींचं आणि एक पंधरा ओळींचं असेल, तर कोणत्या मुलाने काय निवडलं यावर त्याचे गुण ठरतात, गणित येण्यावर नाही. म्हणून प्रत्येक पर्याय स्वतः घड्याळ लावून, पायऱ्या न गाळता, मुलासारखा सोडवा. तुम्हाला लागलेल्या वेळेची तिप्पट ही सरासरी मुलाची वेळ धरा. एका प्रश्नातल्या पर्यायांच्या वेळेत दीड-दोन मिनिटांहून जास्त फरक पडला, तर एक पर्याय बदला.

८. संविधान तक्ता आधी करायचा की प्रश्न आधी लिहायचे?

संविधान तक्ता म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण हे दाखवणारा पेपरचा आराखडा. तो आधी, नेहमीच. घटकनिहाय भारांश (गुणांचा वाटा), उद्दिष्टनिहाय भारांश (ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य) आणि प्रश्नप्रकार यांचे रकाने भरल्याशिवाय पहिला प्रश्न लिहू नये. आधी प्रश्न लिहिले की आवडता धडा फुगतो आणि शेवटी तक्ता प्रश्नांच्या मापाने शिवला जातो. तपासणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण एखाद्या घटकाला नेमका एक गुण उरलेला असतो आणि तो जोड्या लावा मध्ये कोंबलेला असतो.

काठिण्यासाठी सोपे ३०, मध्यम ४०, कठीण ३० टक्के अशी वाटणी हा हाताशी असावा असा आराखडा आहे. मात्र "कठीण" म्हणजे अवघड शब्दांचा प्रश्न नव्हे. कठीण प्रश्नात मुलाला दोन संकल्पना स्वतः जोडाव्या लागतात. आकडे ओबडधोबड केले की प्रश्न कठीण होत नाही, तो फक्त किचकट होतो.

९. गुणदान योजना किती बारीक असावी? एक उदाहरण द्याल का?

इतकी बारीक, की एकमेकांना कधीही न भेटलेले दोन शिक्षक तीच उत्तरपत्रिका तपासून त्याच गुणांवर पोचावेत. उदाहरण भूमितीतलंच घेऊ. १४ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाच्या एका जीवेने केंद्राशी काटकोन केला आहे, लघुवर्तुळखंडाचं क्षेत्रफळ काढा, पायची किंमत २२/७, गुण ३.

सरळ योजना अशी : वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ १५४ चौसेमी, १ गुण. त्रिकोणाचं ९८ चौसेमी, १ गुण. वजाबाकी ५६ चौसेमी, १ गुण. एवढं कोणीही लिहील. योजनेचा कस यापुढच्या प्रश्नांवर लागतो.

मुलाने थेट सूत्रात किमती घालून ५६ काढले तर? पूर्ण गुण, पण सूत्रात किमती घालण्याला १, सरळ रूपाला १ आणि उत्तराला १ असं आधी लिहून ठेवायला हवं. नाहीतर मधेच चुकलेल्या मुलाला एक परीक्षक दोन देईल आणि दुसरा शून्य. "चौसेमी" लिहिलं नाही, किंवा नुसतं "सेमी" लिहिलं तर? काहीही ठरवा, पण पेपर हाती घेण्याआधी ठरवा.

आता नेहमी दिसणारी चूक. मूल त्रिकोणाच्या सूत्रातला १/२ विसरतं आणि क्षेत्रफळ १९६ काढतं. १५४ मधून १९६ जात नाहीत, म्हणून उलटी वजाबाकी करून ४२ लिहितं. पहिला गुण मिळाला, दुसरा गेला. तिसरा द्यायचा का? चुकीची किंमत पुढे नेली पण रीत बरोबर आहे, तर रीतीचा गुण द्यावा, हा सर्वसाधारण नियम चांगला आहे. इथे मात्र मुलाने रीतच उलटवली आहे. खंडाचं क्षेत्रफळ पाकळीपेक्षा मोठ्या त्रिकोणातून पाकळी वजा करून मिळत नाही, ही समज तिथे दिसत नाही. आमच्या मते तिसरा गुण देऊ नये. एखाद्या मुख्य नियामकाचं मत वेगळं असू शकतं आणि तेही चालेल, फक्त निर्णय नऊच्या नऊ विभागांत एकच हवा.

अशा पाच-सहा नेहमीच्या चुका मुख्य नियामकांच्या बैठकीआधी खऱ्या उत्तरपत्रिकांमधून गोळा कराव्यात. कल्पनेने त्या सगळ्या सुचत नाहीत.

१०. कृतिपत्रिकेतल्या (भाषेच्या पेपरातल्या) "स्वमत"ला गुण कसे द्यायचे? तिथे तर प्रत्येकाचं मत वेगळं.

मत वेगळं असणारच. गुण मताला द्यायचे नसतात, मत मांडण्याला द्यायचे असतात. योजनेत अपेक्षित मुद्दे लिहिण्याऐवजी अपेक्षित कामं लिहा : प्रश्नाला धरून भूमिका घेतली आहे का, तिचं कारण उताऱ्यातून किंवा कवितेतून आणलं आहे का, स्वतःचं उदाहरण जोडलं आहे का, भाषा अर्थ पोचवते आहे का. मग शिक्षकाला न पटणाऱ्या मतालाही पूर्ण गुण मिळू शकतात आणि मिळायलाच हवेत.

इथला पेच पाठांतराचा आहे. एकाच गठ्ठ्यात पंधरा मुलांनी शब्दशः तोच परिच्छेद लिहिलेला सापडतो. रागाने सर्वांचे गुण कापू नका. योजनेप्रमाणे गुण द्या, बैठक क्रमांकांची नोंद करा आणि नियामकाला दाखवा. तो क्लासमधला पाठ केलेला मजकूर आहे की परीक्षाकेंद्रावरचा गैरप्रकार, हे ठरवण्याचं काम परीक्षकाचं नाही. पुढच्या वर्षीच्या प्राश्निकाने मात्र यातून शिकावं : "निसर्गाचं महत्त्व" विचारलं की पाठ केलेलंच येणार, कवितेतल्या एका विशिष्ट ओळीवर मत विचारलं की मुलाला स्वतः लिहावं लागतं.

११. भाषांतराला विषयतज्ज्ञ कशाला? भाषेचा शिक्षक पुरेसा नाही का?

नाही. प्रश्न ९ मधलंच उदाहरण पुन्हा पाहा. वर्तुळखंडाच्या जागी वर्तुळपाकळी असा शब्द पडला, तर एका माध्यमाच्या मुलांचं बरोबर उत्तर ५६ आणि दुसऱ्या माध्यमाच्या मुलांचं १५४. वाक्य दोन्हीकडे शुद्ध आहे, त्यामुळे भाषेच्या शिक्षकाला चूक दिसणारच नाही. विज्ञानात वजन आणि वस्तुमान यांचंही तेच. बाजारात आपण "पाच किलो वजन" म्हणतो, पण गुरुत्वाकर्षणाच्या प्रश्नात किलोग्रॅमच्या पुढे "वजन" छापलं की प्रश्नच चुकला.

पद्धत अशी ठेवा : विषयशिक्षक भाषांतर करील, त्याच माध्यमातला दुसरा विषयशिक्षक मूळ न पाहता पेपर सोडवील आणि उत्तरं मूळ पेपरच्या उत्तरांशी ताडली जातील. संज्ञा फक्त बालभारतीच्या त्या माध्यमाच्या चालू पाठ्यपुस्तकातल्याच वापरा. तुम्हाला अधिक चांगला शब्द माहीत असला तरीही.

१२. नियामक म्हणजे दुसऱ्यांदा तपासणारा, एवढंच का?

नियामकाने सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या तरी दर्जा राखला जाईल असं नाही. त्याचं खरं काम परीक्षकाचं माप ओळखण्याचं आहे. समजा, पाच उत्तरपत्रिकांत नियामकाच्या तुलनेत एका परीक्षकाने +३, +३, +४, +३, +२ असे गुण जास्त दिले. सरासरी फरक ३. दुसऱ्या परीक्षकाचे फरक आहेत +६, −५, +१, −४, +५. सरासरी जेमतेम ०.६.

सरासरी पाहणारा नियामक पहिल्याला बोलावून घेईल आणि दुसऱ्याला शाबासकी देईल. हे नेमकं उलटं आहे. पहिला परीक्षक सैल आहे पण एकसारखा आहे. कुठे उदार होतो ते दाखवलं की दुसऱ्या दिवशी ताळ्यावर येतो. दुसऱ्याचं माप दर पानाला बदलतं आणि त्याच्या हातून मुलांचा क्रमच उलटासुलटा होतो. त्याचा गठ्ठा पूर्ण पुन्हा तपासावा लागतो.

म्हणून नमुना निवडताना फक्त वरच्या उत्तरपत्रिका उचलू नका. उच्च, मध्यम, काठावरच्या आणि गठ्ठ्याच्या शेवटच्या अशा चारही घ्या. शेवटच्या यासाठी, की थकवा तिथेच दिसतो. आणि पहिल्या दिवशीच तपासा. तीन दिवसांनी सापडलेली चूक तोवर सगळ्या गठ्ठ्यात पसरलेली असते.

१३. गोपनीयता पाळायची म्हणजे नेमकं काय करायचं?

महाराष्ट्रात परीक्षांतल्या गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा कायदा १९८२ पासून आहे. पेपर फुटणं हा त्यानुसार गुन्हा आहे. व्यवहारात पुढची पथ्यं पाळा. आपण प्राश्निक आहोत हे घरात आणि शिक्षक खोलीतही सांगू नका, परीक्षा झाल्यावरसुद्धा नाही. मसुदा मोबाइलवर टाइप करू नका, फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. मोबाइलची साठवण आपोआप दुसरीकडे जाते. कच्चे कागद दिलेल्या सूचनेप्रमाणे परत करा किंवा नष्ट करा. त्या वर्षी "महत्त्वाचे प्रश्न" या विषयावर व्याख्यान देऊ नका आणि नकार देताना कारणही सांगू नका. "यंदा जमणार नाही" एवढं पुरे.

१४. मानधन किती मिळतं? रोज किती पेपर तपासावेत?

परीक्षकाचं मानधन उत्तरपत्रिकेमागे ठरतं आणि चालू दर मंडळाच्या परिपत्रकात असतो. कष्टाच्या मानाने ते कमी आहे, ही शिक्षकांची तक्रार रास्त आहे. नगावर मोबदला असला की हात वेगाने चालतो, हा त्यातला धोका. स्वतःचा वेग ठरवण्यासाठी पहिल्या पाच उत्तरपत्रिकांना लागलेला वेळ मोजा. पन्नासाव्या उत्तरपत्रिकेला त्याच्या निम्म्याहून कमी वेळ लागत असेल, तर थांबा आणि पहिल्या पाच पुन्हा पाहा. शक्यतो एक प्रश्न सर्व उत्तरपत्रिकांतून सलग तपासा, मग दुसरा. माप स्थिर राहतं.

१५. छापील पेपरमध्येच चूक निघाली तर?

परीक्षकाने स्वतः निर्णय घेऊ नये. प्रश्न क्रमांक, चूक आणि तिचे संभाव्य परिणाम लिहून नियामकाला द्यावेत. निर्णय राज्य मंडळाकडूनच येतो. २१ फेब्रुवारी २०२३ च्या बारावी इंग्रजीच्या पेपरमध्ये कवितेच्या विभागात काही उपप्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना आणि उत्तराचा नमुना छापला गेला होता. त्यावर विषयतज्ज्ञ आणि मुख्य नियामकांच्या संयुक्त सभेच्या निर्णयानुसार त्या भागाचे ६ गुण देण्याचं ठरलं. ती चूक विषयाच्या अज्ञानातून झालेली नव्हती. प्रश्न आणि गुणदान योजना एकाच मसुद्यात ठेवल्या की असं होऊ शकतं. दोन्ही कागद पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा आणि अंतिम मुद्रित कोऱ्या नजरेने सोडवून घ्या. वाचून नव्हे, सोडवून. वाचताना डोळा चूक दुरुस्त करून घेतो.

१६. यंदा निकाल खाली आला म्हणजे पेपर कठीण होता, असं धरायचं का?

नुसत्या टक्केवारीवरून मुळीच नाही. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० टक्के. त्या वर्षी नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद केलं होतं. पुढच्या वर्षी ते परत आलं आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्यातही त्या वर्षी भूगोलाचा पेपर करोनामुळे रद्द झाला होता. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५ टक्के. या चार वर्षांत मुलांची समज अशी वरखाली झाली, असं कोणी म्हणणार नाही. बदलला तो सांगाडा.

तज्ज्ञाने टक्केवारीपेक्षा प्रश्ननिहाय गुण पाहावेत : कोणता प्रश्न किती मुलांनी सोडवला, किती जणांना पूर्ण गुण मिळाले, चांगल्या आणि कच्च्या मुलांत त्या प्रश्नाने फरक दाखवला का. एखादा प्रश्न हुशार मुलांनीच जास्त चुकवला असेल, तर दोष बहुधा प्रश्नात किंवा नमुना उत्तरात असतो.

१७. पुनर्मूल्यांकनात माझे गुण बदलले. माझ्यावर ठपका येतो का?

विद्यार्थ्याला गुणपडताळणी विषयामागे ५० रुपये, छायाप्रत ४०० रुपये आणि पुनर्मूल्यांकन ३०० रुपये अशा शुल्कात करता येते. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते. म्हणजे तुमचं प्रत्येक पान पालकांसमोर उघडं होतं. स्वमतात एक गुण इकडेतिकडे झाला तर ते समजून घेता येतं. समर्थन होत नाही ते या तीन गोष्टींचं : न तपासलेलं उत्तर (बहुतेकदा पुरवणीतलं), आतले गुण मुखपृष्ठावर न आणणं आणि चुकलेली बेरीज. गठ्ठा बांधण्याआधी या तिन्हींसाठी पानं फक्त उलटत एक फेरी मारा. एका उत्तरपत्रिकेला मिनिटभर पुरतं.

१८. शिष्यवृत्तीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत तज्ज्ञाचं काम सोपं असतं ना?

तपासणी सोपी, प्रश्न काढणं जास्त अवघड. शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते; २०२५-२६ पर्यंत ती पाचवी-आठवीला होत असे. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असत आणि दोन्ही नोंदवली तरच गुण मिळत. अशा प्रश्नात उरलेले दोन पर्याय निःसंशय चूक हवेत. "थोडंसं बरोबर" पर्याय चालत नाही. परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करून आक्षेप मागवते, तेव्हा विषयतज्ज्ञांना प्रत्येक आक्षेपावर निर्णय द्यावा लागतो. प्रश्न काढतानाच चुकीच्या प्रत्येक पर्यायापुढे "हे का चूक" ते एका ओळीत लिहून ठेवलं, की आक्षेप आल्यावर धावपळ होत नाही. ती ओळ लिहिता येत नसेल, तर तो पर्याय बदला.

१९. अर्धमागधी, पाली, सिंधी अशा विषयांना तज्ज्ञच मिळत नाहीत. मग?

खरा प्रश्न हाच आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. शिक्षक मोजके असले की तोच माणूस वर्षानुवर्षं प्राश्निक राहतो, पेपर ओळखीचा होतो आणि दर्जा गळतो. उपाय तीन. महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला घ्या, पण जोडीला शाळेत शिकवणारा एकजण हवाच, नाहीतर पेपर पदवीचा होतो. निवृत्त शिक्षकांकडून आधीच प्रश्नपेढी करून ठेवा, म्हणजे एका वर्षाचा पेपर एका माणसावर अवलंबून राहत नाही. आणि एका व्यक्तीने सलग तीन वर्षांहून जास्त काळ पेपर काढू नये, हा नियम मोठ्या विषयांपेक्षा लहान विषयांना जास्त कडक लावा.

२०. इंग्लंडमध्ये हे कसं करतात? तिथे राहणाऱ्या मराठी शिक्षकांना संधी आहे का?

तिथे पेपर काढणारी मंडळं (एक्यूए, ओसीआर, पिअरसन) आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी ऑफक्वाल ही संस्था वेगळ्या आहेत. ऑफक्वालचं कार्यालय कॉव्हेंट्रीला आहे. नवा अभ्यासक्रम किंवा नमुना पेपर अटीत बसतो का, मागच्या दर्जाशी तुलना करता येतो का, हे तपासायला ती बाहेरचे विषयतज्ज्ञ कामापुरते नेमते आणि कोणत्याही परीक्षा मंडळाशी असलेला संबंध उघड करायला लावते. २०१७ पासून (२०२१ वगळता) दरवर्षी इंग्रजी आणि गणिताची एक राष्ट्रीय संदर्भ चाचणी नमुना शाळांत घेतली जाते. तिचे प्रश्न जाहीर होत नाहीत, बरेचसे दरवर्षी तेच राहतात, त्यामुळे मुलं खरंच सुधारली की पेपर सोपा होता, हे ताडता येतं. प्रश्न १६ मधल्या अडचणीवर हा उत्तम उपाय आहे आणि आपल्याकडे यावा असं मनापासून वाटतं.

गणित, विज्ञान शिकवणारे मराठी शिक्षक तिथे इतरांसारखेच पात्र ठरतात. मराठी विषयासाठी मात्र संधी नाही : जीसीएसई (तिथली साधारण दहावीच्या पातळीची परीक्षा) स्तरावर गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू आहेत, मराठी नाही.

२१. नियामकाचा निर्णय मला चूक वाटतो. तरी तसेच गुण द्यायचे?

हो, आणि आक्षेप लेखी द्यायचा. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी एकट्याने वेगळं माप लावलं, तर तुमच्या गठ्ठ्यातल्या मुलांना वेगळा न्याय मिळतो. आक्षेपात मत लिहू नका. पाठ्यपुस्तकातलं पान, प्रत्यक्ष उत्तराचा नमुना आणि तुमच्या गठ्ठ्यात असं किती ठिकाणी आलं तो आकडा द्या. हे मुद्दे मुख्य नियामकापर्यंत गेले तर योजना सर्वांसाठी बदलू शकते. अपवाद एकच : अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला मिळालेली सवलत. शुद्धलेखनाच्या किंवा अंक उलटे लिहिण्याच्या चुकांबद्दल अशा उत्तरपत्रिकेत गुण कापायला कोणी सांगितलं, तर आधी सूचना दाखवून विचारा, मगच पेन उचला.

२२. नियुक्तिपत्र आलं, पण तब्येत बरी नाही. नाकारता येतं का?

परीक्षेचं काम शिक्षकाच्या कर्तव्याचा भाग मानलं जातं, त्यामुळे "इच्छा नाही" हे कारण चालत नाही. आजारपणात वैद्यकीय प्रमाणपत्रासह मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाला लगेच कळवा. गठ्ठे घेतल्यानंतर नव्हे. गठ्ठा घेऊन झाला असेल, तर तो घरच्या कोणाच्या किंवा सहकाऱ्याच्या हाती पाठवू नका. नियामकाला फोन करा, ते सांगतील त्या पद्धतीने पोच घेऊनच परत करा आणि तपासून झालेल्या व न झालेल्या उत्तरपत्रिकांचे बैठक क्रमांक वेगवेगळ्या कागदांवर लिहून सोबत जोडा.